आजचं कालच्यावर अवलंबून असेल तर संभाव्यता कशी मोजायची? (मार्कोव्ह साखळी)

खडूफळा:

मंडळी, संभाव्यता शिकवताना आपण नाणं उडवतो, फासा टाकतो आणि पहिल्याच ओळीत "घटना परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे माना" लिहून मोकळे होतो. मी अकरावी-बारावीला शिकवतो, दरवर्षी कुणीतरी विचारतंच की सर, आज पाऊस पडला तर उद्या पडायची शक्यता जास्त नसते का, मग स्वतंत्र कसं मानायचं? प्रश्न रास्त आहे पण तासाच्या शेवटच्या दोन मिनिटांत त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हा धागा.

हा प्रश्न मुळापासून हाताळला आंद्रेई मार्कोव्हने. जन्म १८५६, सेंट पीटर्सबर्गला चेबिशेव्ह या गणितीचा विद्यार्थी, डोक्याने तल्लख आणि स्वभावाने प्रचंड तापट. टॉलस्टॉयला चर्चने बहिष्कृत केलं होतं, तर १९१२ मध्ये या माणसाने स्वतःहून अर्ज केला की मलाही बाहेर काढा. तर मॉस्कोला नेक्रासोव्ह नावाचे एक गणिती होते, धर्मशास्त्र शिकून आलेले, त्यांनी १९०२ मध्ये असं मांडलं की मोठ्या संख्यांचा नियम (खूप वेळा प्रयोग केला की सरासरी एका आकड्यापाशी स्थिरावते तो) लागू व्हायला घटना स्वतंत्र असाव्याच लागतात. आणि समाजातली आकडेवारी, गुन्हे वगैरे, वर्षानुवर्षं स्थिर दिसते, म्हणजे माणसं स्वतंत्रपणे वागतात, म्हणजे माणसाला स्वतंत्र इच्छाशक्ती आहे. गणितातून थेट देवाधर्मापर्यंत उडी! मार्कोव्हचं डोकं फिरलं. १९०६ च्या लेखात त्याने दाखवून दिलं की प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून असली तरीही सरासरी स्थिरावू शकते. नेक्रासोव्हच्या सगळ्या इमारतीचा पायाच त्याने काढून घेतला.

मग १९१३ मध्ये त्याने जे केलं ते मला फार आवडतं. पुश्किनचं 'येवगेनी ओनेगिन' हे काव्य घेतलं, त्यातली पहिली २०,००० अक्षरं, जी दोन रशियन चिन्हं स्वतः उच्चारली जात नाहीत ती वगळून, विरामचिन्हं नि मोकळ्या जागा काढून, सलग लिहिली, शंभर-शंभरचे २०० चौकोन केले, प्रत्येक चौकोनात दहा ओळी नि दहा रकाने, आणि स्वर किती व्यंजनं किती हे हाताने मोजलं. कॅल्क्युलेटर नाही, काही नाही. स्वर निघाले ८,६३८ आणि व्यंजनं ११,३६२, म्हणजे कुठलंही अक्षर उचललं तर ते स्वर असायची शक्यता ०.४३२. पण आधीचं अक्षर स्वर असेल तर पुढचंही स्वर असायची शक्यता फक्त ०.१२८, आणि आधीचं व्यंजन असेल तर ०.६६३. अवलंबित्व इतकं ढळढळीत आहे. आता गंमत बघा, ४३.२ टक्के वेळा आपण स्वरावर उभे असतो, ५६.८ टक्के वेळा व्यंजनावर, तर पुढचा स्वर असायची शक्यता ०.४३२ × ०.१२८ + ०.५६८ × ०.६६३, करून बघा, पुन्हा ०.४३२ च येते. साखळी स्वतःचा समतोल स्वतःच धरून ठेवते.

मला या धाग्यात एकच मुद्दा ठासून मांडायचाय. पुढची पायरी फक्त आत्ताच्या स्थितीवर ठरते, त्याआधीच्या पायऱ्यांवर नाही, अशा घटनांच्या रांगेला मार्कोव्ह साखळी म्हणतात. ती म्हणजे "इतिहास विसरणारं मॉडेल" असं जिथे तिथे लिहिलेलं असतं आणि त्यामुळे लोक एकतर ते भाबडं समजून टाकून देतात नाहीतर कुठेही डोळे मिटून लावतात. खरं काम असतं ते 'आजची स्थिती' कशाला म्हणायचं हे ठरवण्याचं. इतिहासातलं जे जे पुढे उपयोगी पडणार आहे ते सगळं स्थितीत भरलंत की बाकीचं विसरता येतं. ते नीट भरलं नाही तर मॉडेल फसतं आणि दोष मात्र मार्कोव्हला. तुमच्या तुमच्या क्षेत्रातली उदाहरणं टाका, बोलू.

मुक्ता_ठाणे:

मस्त धागा सर! सापशिडी ही मार्कोव्ह साखळीच ना मग? तुम्ही ४७ वर शिडीने आलात की सापाने गिळून आलात याचा पुढच्या फाशाशी काहीच संबंध नाही, फक्त ४७ वर आहात एवढंच पुरे. आमच्याकडे मोक्षपटाचा एक जुना छापील पट आहे, ज्ञानेश्वरांशी परंपरेने जोडतात तो खेळ, त्यातही पुण्य-पापाची घरं आहेत पण फासा मात्र तुमचं आधीचं पाप बघत नाही, तुम्ही उभे आहात ते घर बघतो.

खडूफळा:

@मुक्ता, अगदी शुद्ध उदाहरण. आणि यात शेवटचं घर असं आहे की तिथे पोचलं की तिथून बाहेर पडणं नाही, अशा घराला शोषक स्थिती म्हणतात. एक कोडं घालतो सगळ्यांना. नेमकं दान पडल्याशिवाय १०० वर जाता येत नाही, जास्त पडलं तर जागेवरच थांबायचं, आणि ९४ ते ९९ मध्ये एकही साप किंवा शिडी नाही असं समजा. ९९ वर असलेल्याला सरासरी किती वेळा फासा टाकावा लागेल आणि ९४ वर असलेल्याला किती?

दर्यावर्दी:

९९ वाल्याला एकच हवा म्हणजे सरासरी ६ वेळा. ९४ वाल्याला जास्त लागणार, साहजिकच, तो लांब आहे.

मुक्ता_ठाणे:

थांबा थांबा, मी वहीत मांडलं. ९८ वर असताना: एक दान टाकलं, १/६ शक्यता २ पडून खेळ संपला, १/६ शक्यता १ पडून ९९ वर गेलो आणि तिथून अजून ६, उरलेल्या ४/६ ला जागेवरच. म्हणजे सरासरी = १ + (१/६)×६ + (४/६)×सरासरी, सोडवलं की ६! ९७ चं पण ६ येतंय!! आणि ९४ वर असाल तर एका दानात १/६ ला संपलं, बाकी ५/६ ला जिथे कुठे पडाल तिथून ६ च, म्हणजे १ + ५ = ६. सहाही घरांतून सहाच. मला हे अजिबात अपेक्षित नव्हतं.

खडूफळा:

शाब्बास. एक आडून कारणही बघा, या सहापैकी कुठल्याही घरावर असलात तरी फाशाचा एक आणि एकच आकडा तुम्हाला थेट संपवतो, त्यामुळे प्रत्येक दानाला संपायची शक्यता १/६ च राहते, मधे कितीही सरकलात तरी. दर्यावर्दी, तुमच्यासारखंच उत्तर माझ्या वर्गातली बहुतेक मुलं देतात, म्हणूनच हे कोडं मला प्रिय आहे.

मुक्ता_ठाणे:

आणि याउलट मेंढीकोट! तिथे "आत्ता टेबलावर कुठली पानं आहेत" एवढ्यावर खेळणारा हमखास हरतो. कुठले दश्श्ये उतरले, हुकमाची किती पानं गेली, कोणी कुठल्या रंगाला कापलं, हे सगळं डोक्यात ठेवणारा जिंकतो. मग मेंढीकोट मार्कोव्ह नाही म्हणायचं का?

खडूफळा:

हेच तर! उतरलेली सगळी पानं आणि कोणी काय कापलं हे 'स्थिती'त घाला, मेंढीकोटही मार्कोव्ह होईल. स्थिती फक्त भलीमोठी होते.

अनुस्वार:

भाषेची विद्यार्थिनी म्हणून मला मार्कोव्हची ती मोजणी मराठीत करून बघायचा मोह आवरला नाही. अडचण अशी की आपल्याकडे लिहिताना स्वर व्यंजनाच्या आत दडलेला असतो, म्हणून उच्चाराप्रमाणे सोडवून लिहावं लागतं. साधं वाक्य घेतलं, "आज सकाळी पाऊस पडला". उच्चार असा सुटतो: आ-ज्-स्-अ-क्-आ-ळ्-ई-प्-आ-ऊ-स्-प्-अ-ड्-ल्-आ. ("आज" मधला शेवटचा अ आपण बोलत नाही, "पडला" मधला ड पण पाय मोडलेलाच.) एकूण १७ ध्वनी, ८ स्वर, ९ व्यंजनं. स्वरानंतर पुढे काही येतं अशा ७ जागा, त्यात स्वरापाठोपाठ स्वर एकदाच, "पाऊस" मधला आ-ऊ. व्यंजनानंतरच्या ९ जागा, त्यातल्या ६ ठिकाणी स्वर. म्हणजे १/७ = ०.१४ आणि ६/९ = ०.६७. रशियनच्या ०.१२८ आणि ०.६६३ च्या इतकं जवळ येईल असं वाटलं नव्हतं.

सांख्यिकीप्रेमी:

@अनुस्वार, मोजणी सुरेख केलीये, पद्धत अगदी बरोबर, पण १७ ध्वनींवरून आकडे जुळले याला अर्थ देऊ नका. एक शब्द बदला, "आज" च्या जागी "काल" घाला, एक व्यंजन वाढलं की लगेच आकडे हलतात. मार्कोव्हने २०,००० घेतली ती उगाच नाही. काही हजार ध्वनी घ्या, मग बोलू. जोडाक्षरांचं प्रमाण मराठीत बरंच आहे, लेख संस्कृतप्रचुर आहे की बोलीतला यावर व्यंजनापाठोपाठ व्यंजन येण्याचं प्रमाण बदलेल असा माझा कयास.

अनुस्वार:

हो, तेच करणार आहे. एक अग्रलेख आणि एक बोलीतलं आत्मकथन, दोन्हीची वेगळी मोजणी. या कयासाचीच तपासणी होईल त्यात.

रानवारा:

मी सॉफ्टवेअरमध्ये. या अक्षरं मोजण्याचा पुढचा अध्याय अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन, १९४८. त्याने इंग्रजीचं 'अनुकरण' करायची युक्ती सांगितली होती, पुस्तक कुठेही उघडा, एक अक्षर टिपा, दुसरं पान उघडून वाचत जा, तेच अक्षर भेटलं की त्याच्या पुढचं अक्षर टिपा, मग परत दुसरं पान. असंच शब्दांचंही. म्हणजे शक्यतांचा तक्ता न बनवता पुस्तकालाच तक्ता म्हणून वापरायचं, काय डोकं आहे!

मी हे पाककृतींवर करून पाहिलं, घरात जमवलेल्या बऱ्याच मराठी पाककृती एका फाईलमध्ये टाकल्या आणि मागचे दोन शब्द बघून पुढचा शब्द निवडणारा छोटा प्रोग्राम लिहिला. एक नमुना:

"कांदा बारीक चिरून घ्या आणि मंद आचेवर परता तेल सुटेपर्यंत परता मग त्यात चवीनुसार मीठ घालून मंद आचेवर झाकण ठेवून एक वाफ काढा मग त्यात चवीनुसार मीठ घालून मंद आचेवर शिजवा"

कुठलेही तीन शब्द सुटे वाचा, चोख मराठी आहे. पण मीठ दोनदा पडलं. का? कारण "मग त्यात" या दोन शब्दांवर उभं असताना प्रोग्रामला मीठ आधीच घातलंय हे कळायची सोयच नाही. खडूफळा सरांचा मुद्दा इथे डोळ्यांनी दिसतो, 'मीठ घातलं का' ही माहिती स्थितीत नाही. दोनऐवजी मागचे पाच शब्द घेतले तर काय होतं, तर फाईलमधल्या मूळ पाककृती जशाच्या तशा बाहेर यायला लागतात, कारण पाच शब्दांची तीच जोडी फाईलमध्ये एकदाच असते, तिच्यापुढे पर्यायच एक उरतो. हा पेच फार खरा आहे, स्थिती मोठी केली की विदा (डेटा) विरळ होते.

तळेगावकर:

मोबाईलचा कीबोर्ड "कसा" टाईप केल्यावर "आहेस" सुचवतो ते हेच का? आणि ही हल्लीची मोठी भाषा-मॉडेलं? तीही पुढचा शब्दच ओळखतात म्हणे.

रानवारा:

कीबोर्डमागे बराच काळ अशाच दोन-तीन शब्दांच्या साखळ्या होत्या, आता त्यात न्यूरल मॉडेलंही आली. मोठ्या मॉडेलांबद्दल म्हणाल तर ती मागचे हजारो शब्द एकदम बघतात. काटेकोर बोलायचं तर बघण्याची मर्यादा ठरलेली असेल तोवर तीही मार्कोव्ह साखळीच, फक्त 'स्थिती' म्हणजे मागचा अख्खा मजकूर, आणि त्या स्थितींची संख्या इतकी अफाट की तक्ता मांडणं शक्यच नाही, म्हणून तक्त्याच्या जागी शिकलेलं फलन बसवलंय. मीठ घातलं का हे त्यांना मागे वळून दिसतं, हा फरक.

तळेगावकर:

धन्यवाद. मग मी माझ्या माहितीतलं एक टाकतो, गूगलचं पेजरँक, म्हणजे शोधात कुठलं पान वर दाखवायचं हे ठरवण्यासाठी पानांचं महत्त्व मोजायची पद्धत. ब्रिन आणि पेज, स्टॅनफर्ड, १९९८ चा लेख. कल्पना अशी की एक माणूस डोळे झाकून जाळ्यावर फिरतोय, ज्या पानावर आहे तिथल्या लिंकांपैकी कुठलीही एक दाबतो, पुढच्या पानावर पुन्हा तेच. फार वेळ फिरू दिलं तर तो कुठल्या पानावर किती टक्के वेळ असेल, ते त्या पानाचं महत्त्व. म्हणजे मार्कोव्हच्या ०.४३२ चा भाऊच, फक्त स्वर-व्यंजन अशा दोन स्थितींच्या जागी कोट्यवधी पानं.

पण एक खाचखळगा आहे. दोन पानं फक्त एकमेकांनाच लिंक देत असतील तर हा माणूस त्यात अडकला की अडकला, जन्मभर तिथेच फेऱ्या. किंवा असं पान जिथून पुढे लिंकच नाही. म्हणून त्यांनी असं केलं की ८५ टक्के वेळा लिंक दाबायची आणि १५ टक्के वेळा सगळं सोडून कुठल्याही भलत्याच पानावर उडी मारायची. मला आधी वाटायचं ही १५ टक्के उडी म्हणजे वास्तवाची नक्कल आहे, माणूस कंटाळतो वगैरे. ते आहेच, पण गणिताची गरजही आहे, उडी नसेल तर समतोल एकच असेल याची खात्रीच देता येत नाही.

खडूफळा:

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. साखळी स्थिरावते ही काही फुकटात मिळणारी गोष्ट नाही. कुठूनही कुठेही पोचता आलं पाहिजे आणि ठरावीक तालात अडकता कामा नये. दोनच स्थिती असतील आणि प्रत्येक वेळी हमखास दुसरीत जायचं असेल तर अर्धा वेळ इथे अर्धा तिथे हे खरं, पण आज कुठे होतात हे माहीत असेल तर हजार पावलांनंतर कुठे असाल हेही पक्कं माहीत, विसरणं कधी घडतच नाही.

विमापत्र:

मी विमा क्षेत्रात आहे, आमच्याकडचं उदाहरण देते. गाडीच्या विम्यात नो क्लेम बोनस असतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर सूट. एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५, आणि पाच वर्षं सलग क्लेम नसेल तर ५० वर थांबतो. मधे क्लेम घेतला की थेट शून्य. पुढच्या वर्षी तुम्ही कुठे असाल हे फक्त आत्ता कुठल्या पायरीवर आहात आणि यंदा क्लेम झाला की नाही यावर ठरतं, दहा वर्षांपूर्वी काय झालं होतं कोणी विचारत नाही.

समजा दर वर्षी क्लेम व्हायची शक्यता १० टक्के (आकडा नुसता समजण्यासाठी घेतलाय), तर लांबच्या पल्ल्यात शून्यावर १० टक्के लोक, २० वर ९, २५ वर ८.१, ३५ वर ७.३, ४५ वर ६.६ आणि उरलेले ५९ टक्के ५० च्या पायरीवर. सरासरी सूट जवळपास ३९ टक्के पडते. हप्ता ठरवताना ही सूट आधीच धरून पायाभूत दर लावावा लागतो नाहीतर हिशोब बसणार नाही.

सांख्यिकीप्रेमी:

विमापत्र ताई, इथे मला एक हरकत नोंदवायचीये आणि ती या सगळ्या धाग्यालाच लागू आहे. सगळ्या चालकांना १० टक्के हे कुठे खरं असतं. समजा निम्मे लोक जपून चालवणारे, २ टक्केवाले, आणि निम्मे बेफिकीर, १८ टक्केवाले. सरासरी १० च. प्रत्येक माणसापुरतं बोलायचं तर त्याची सगळी वर्षं एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र, कालच्या क्लेमचा आजच्यावर काडीचा परिणाम नाही. आता सगळ्यांची आकडेवारी एकत्र करून बघा, गेल्या वर्षी क्लेम घेतलेल्यांपैकी यंदा पुन्हा घेणारे १६.४ टक्के निघतात आणि गेल्या वर्षी न घेतलेल्यांपैकी ९.३ टक्के. बघणारा म्हणेल, अरे, कालच्यावर आज अवलंबून आहे, मार्कोव्ह साखळी सापडली! सापडलं काहीच नाही, दोन जातीची माणसं एकत्र कालवली गेली एवढंच.

विमापत्र:

हे आम्हाला रोज भोगावं लागतं. पण मग उपाय काय, प्रत्येकाचा स्वभाव तर आपल्याला दिसत नाही.

सांख्यिकीप्रेमी:

दिसत नाही पण वागण्यातून अंदाज बांधता येतो. पाच वर्षं क्लेम न घेतलेला माणूस जपून चालवणाऱ्यांपैकी असण्याची शक्यता निम्म्याहून बरीच जास्त. म्हणून ती बोनसची पायरी कामाची ठरते, ती तुमचं भविष्य घडवत नाही, तुमची जात उघड करते. (जात म्हणजे चालकाची जात, गैरसमज नको.)

शिवारातला:

मी वाचक, क्वचित लिहितो. जालना जिल्हा, कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन. तुमचं पावसाचं उदाहरण वाचून थांबलो. आमच्याकडे दरवर्षी हाच जुगार असतो, मृगाचे दोन-तीन पाऊस बरे होतात, लोक चाड्यावर मूठ धरतात आणि मग पाऊस दडी मारतो, बियाणं वाया, दुबार पेरणी. २०२३ चा ऑगस्ट तर अख्खा कोरडा गेला. मला सोप्या शब्दांत सांगा, पेरणी झाल्यावर इतके इतके दिवस खंड पडायची शक्यता किती, हे या साखळीने काढता येतं का? गावच्या मंडळाच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी मिळू शकतात.

खडूफळा:

शिवारातला दादा, तुमच्यासाठी नीट बसून लिहितो. रोजच्या पावसावर ही साखळी लावण्याचं गाजलेलं काम गॅब्रिएल आणि न्यूमन या दोघांचं, १९६२, तेल अवीवच्या हिवाळी पावसावर (तिकडे पावसाळा हिवाळ्यात असतो), १९२३ पासून पुढच्या २७ हंगामांच्या नोंदी. त्यांना मिळालं असं की आज ओला दिवस असेल तर उद्या ओला असायची शक्यता साधारण ०.६६, आणि आज कोरडा असेल तर ०.२५.

यावरून पुढचं गणित कसं चालतं बघा. आज ओला असेल तर उद्या ०.६६, परवा ०.६६×०.६६ + ०.३४×०.२५ म्हणजे ०.५२, तेरवा ०.४६. आज कोरडा असेल तर उद्या ०.२५, परवा ०.३५, तेरवा ०.३९. आठवड्याने दोन्ही आकडे ०.४२ वर येऊन भेटतात, म्हणजे आठवड्यानंतरच्या दिवसाबद्दल आजच्या पावसाने काहीच कळत नाही. दर दिवशी दोघांमधलं अंतर ०.४१ पटीने कमी होत जातं (०.६६ वजा ०.२५), तो आकडा म्हणजे पावसाची स्मरणशक्ती.

पण तेल अवीवचे आकडे जालन्याला चालणार नाहीत हे उघड आहे. आणि दुसरं, तुमचा जो प्रश्न आहे, लांब खंडाचा, तिथेच ही साधी साखळी सगळ्यात जास्त फसते. कोरड्यानंतर कोरडा ०.७५ धरला तर एकदा सुरू झालेला खंड २१ दिवस किंवा जास्त टिकायची शक्यता ०.७५ चा २० वा घात, म्हणजे हजारात तीन. तुम्ही शेतात उभे राहून सांगाल की हे खोटं आहे. आणि तुम्हीच बरोबर आहात.

सांख्यिकीप्रेमी:

इथे माझी मघाची हरकतच उपयोगी पडते. मान्सूनचे दिवस दोन जातींचे कालवलेले असतात, सक्रिय मान्सूनचे आणि खंडाचे. सक्रिय असताना एखादा दिवस उघडीप मिळते, दुसऱ्या दिवशी पुन्हा झड. खंडात मात्र एकदा आकाश स्वच्छ झालं की दिवसेंदिवस तसंच. दोन्ही एकत्र मोजून ०.७५ काढला तर तो दोघांपैकी कोणाचाच नसतो. खंडापुरतं कोरड्यानंतर कोरडा ०.९५ धरा (पुन्हा, समजायला घेतलेला आकडा), त्याचा २० वा घात ०.३६ येतो. हजारात तीन कुठे आणि शंभरात छत्तीस कुठे.

मान्सून आज सक्रिय आहे की खंडात, हे पर्जन्यमापकात थेट लिहिलेलं नसतं, ते पावसावरून ओळखावं लागतं. अशा मॉडेलला लपलेली मार्कोव्ह साखळी म्हणतात, आवाजावरून शब्द ओळखणाऱ्या संगणकांनी अनेक वर्षं हेच वापरलं.

शिवारातला:

हे पटलं. आमच्याकडे जुनी माणसं "वारं फिरलं" म्हणतात तेव्हा बहुतेक तेच ओळखत असतात, पाऊस पडतोय की नाही हे न बघता. आता मला वहीत नेमकं काय करायचं ते सांगा, माझा मुलगा बारावीला आहे, तो मांडेल.

खडूफळा:

पावसाळ्याच्या प्रत्येक दिवसापुढे ओला किंवा कोरडा लिहा. हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा जास्त झाला तर पावसाचा दिवस धरतं, तोच निकष ठेवा. मग लागोपाठच्या दिवसांच्या जोड्या मोजायच्या, ओल्यानंतर ओला, ओल्यानंतर कोरडा, कोरड्यानंतर ओला, कोरड्यानंतर कोरडा, चार रकाने, बास. ओल्यानंतर ओला भागिले ओल्यापासून सुरू झालेल्या सगळ्या जोड्या, ही पहिली शक्यता, तसंच कोरड्याचं. शेतीतले लोक बऱ्याचदा दिवसाऐवजी आठवडा धरतात आणि २० मिमी झाला तर ओला आठवडा म्हणतात, पेरणीच्या निर्णयाला ते जास्त सोयीचं, दोन्ही करून बघा.

शिवाय खंडांची लांबी थेट मोजा. प्रत्येक खंड किती दिवसांचा होता याची यादी, आणि त्यातले किती १० च्या वर गेले, किती २१ च्या वर. मग साखळीचं उत्तर आणि यादीचं उत्तर शेजारी ठेवा. यादीत लांब खंड जास्त निघाले (निघणारच असं मला वाटतं) तर स्थितीत भर घालायची, "आज कोरडा" च्या जागी "किती दिवसांपासून कोरडा", एक ते तीन, चार ते सात, सातच्या वर, असे तीन कप्पे पुरे आहेत. सगळ्या वर्षांच्या नोंदी मिळवा, पाच-सहा वर्षांवर हे करू नका, लांब खंड मुळातच कमी असतात, मोजायला हाताशी चार-दोनच सापडतील.

शिवारातला:

जून आणि जुलै एकत्र मोजायचे का? जूनचा पाऊस वळवासारखा, दुपारी येतो नि जातो. जुलैचा वेगळा.

सांख्यिकीप्रेमी:

वेगळेच मोजा. महिना बदलला की शक्यताही बदलतात, एकत्र केलेत तर परत तेच कालवणं झालं. पेरणीच्या प्रश्नासाठी तुम्हाला १० जून ते १५ जुलै एवढाच तुकडा हवाय, तो स्वतंत्र काढा आणि आधी त्याचे चार रकाने इथे टाका. नोंदी नसलेले दिवस कोरडे धरू नका, ती जोडी सोडून द्या, नाहीतर नसलेला खंड तयार होईल.

शिवारातला:

बरं. तालुक्याला जातो सोमवारी, कितीपासूनच्या मिळतात बघतो. पोराला सांगितलंय, तो आत्ताच चार रकान्यांची वही आखायला बसलाय.

अनुस्वार:

दादा, नोंदी हाताने लिहिलेल्या असतील तर फोटो टाका इथे, टंकायला मी मदत करते.